अशोक, पण कोणता? रोपांच्या याद्या करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वडोदऱ्यात झाडे लावण्याचे निर्णय घेणारी सर्व मंडळी: सोसायट्यांचे सेक्रेटरी, शाळांचे व्यवस्थापक, देवस्थानांचे विश्वस्त, आणि रोपांच्या मागणीपत्रावर सही करणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की शहरात रोपांच्या याद्या फिरू लागतात. यंदा हाती आलेल्या एका यादीत ‘दुर्मिळ व औषधी वृक्ष’ या मथळ्याखाली नुसते ‘अशोक’ लिहिले होते. पुढे नग आणि दर. दरावरूनच कळत होते की हा आसोपालव आहे, भिंतीलगत रांगेने लावतात ते उंच झाड, रोपवाटिकेतल्या सगळ्यात स्वस्त आणि मुबलक रोपांपैकी एक. ज्या झाडाची या शहरात कधीच वानवा नव्हती, ते दुर्मिळ म्हणून लावले जाणार आणि दुर्मिळ म्हणून मोजले जाणार. जो खरोखर धोक्यात आहे, त्या सीताअशोकाच्या रकान्यात मात्र ‘काम पूर्ण’ अशी खूण पडणार. यादी कुणाची होती हे इथे महत्त्वाचे नाही. बहुतेक याद्या अशाच निघतात, म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आमच्यातले काही रोपवाटिकांत काम करतात, काही वनस्पतिशास्त्र शिकवतात, काहींचा औषधी सालींच्या खरेदीशी रोजचा संबंध आहे. आणि आम्ही सगळे या शहरातल्या मराठी घरांतले आहोत. आमच्या पंचांगात चैत्र शुद्ध अष्टमीला अशोककलिकाप्राशन, म्हणजे अशोकाच्या कळ्या सेवन करण्याचा विधी, असतो. घरातल्या बायकांच्या औषधाच्या बाटलीवर अशोकाचे नाव असते. दिवाळीला दारावर, गुजराती शेजाऱ्यांच्या दारावर असते तसेच, आसोपालवाचे तोरण असते आणि आमच्याकडचे कित्येकजण त्यालाही अशोकाचेच तोरण म्हणतात. कळी, साल आणि तोरण या तिन्हींत नाव एकच, झाडे दोन. यात आमचे काय अडले आहे, असे कुणी विचारले तर उत्तर हेच.

या दोन झाडांचे आपसात नाते काहीही नाही. सीताअशोक, शास्त्रीय नाव सराका असोका, हा शेंगांच्या कुळातला आणि चिंचेच्याच उपकुळातला. आसोपालव, शास्त्रीय नाव मोनून लाँगिफोलियम, हा सीताफळाच्या कुळातला. रामफळ आणि हिरवा चाफा त्याचे भाऊबंद. म्हणजे चिंच आणि सीताफळ एकमेकांपासून जेवढी लांब, तेवढेच हे दोन ‘अशोक’ लांब. सीता मात्र दोन्हीकडे आहे, एकीकडे झाडाच्या नावात आणि दुसरीकडे कुळाच्या. घोळ व्हायला एवढे पुरत असावे.

सीताअशोक ठेंगणा, सहा ते नऊ मीटर उंचीचा, डेरेदार आणि सदाहरित. त्याचे पान संयुक्त असते: एका दांड्यावर पर्णिकांच्या, म्हणजे पानासारख्या दिसणाऱ्या भागांच्या, चार ते सहा जोड्या. फुलाला पाकळ्याच नसतात. पाकळ्या म्हणून दिसतात ते निदलपुंजाचे, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टनाचे, चार भाग. ते पिवळसर नारिंगी उमलतात आणि पुढच्या काही दिवसांत लालीवर येतात, म्हणून एकाच गुच्छात तीन छटा दिसतात. गुच्छ नुसत्या कोवळ्या डहाळीवर येत नाहीत, जुन्या लाकडावर, कधी थेट खोडावरही फुटतात. हे लक्षात ठेवा, पुढे छाटणीच्या संदर्भात लागेल. फुलांचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. मग चपटी, चामड्यासारखी शेंग, साधारण १० ते २५ सेंटिमीटर लांब, आत चार ते आठ जाड बिया.

आसोपालव उंच आणि सरळ. आपण भिंतीलगत रांगेने लावतो तो खांबासारखा, फांद्या खाली झुकवलेला, लागवडीतला प्रकार आहे. त्याचे मूळ रानटी रूप चांगले पसरते. पान साधे, लांबट, तुकतुकीत, कडा लाटेसारख्या. फूल फिकट हिरवे, सहा अरुंद पाकळ्यांचे, चांदणीसारखे, पानांत नजरेलाही न पडणारे. फळे झुबक्याने लागतात, अंड्याच्या आकाराची, प्रत्येकात एकच बी, पिकली की काळपट जांभळी. कोकिळ आणि वटवाघळे ती खातात आणि बिया टाकत जातात. कंपाऊंडच्या कडेला न लावता उगवलेली रोपे त्यांचीच देणगी.

नावाच्या बाबतीत गुजराती आपल्यापेक्षा चोख आहे. ‘आसोपालव’ हा शब्द ‘अशोकपल्लवा’वरून आला खरा, पण आज तो उच्चारला की कोणते झाड याबद्दल सहसा शंका उरत नाही, दुसऱ्याला ‘सीताअशोक’ म्हणतात. घोळ मराठीत आणि हिंदीत आहे, जिथे दोघांनाही नुसते ‘अशोक’ म्हणून चालवून घेतात. एवढ्या पिढ्या या गावात राहून आपण शेजाऱ्यांचे कितीतरी शब्द उचलले. हा एक उचलायला हरकत नव्हती.

लॅटिन नावांनीही गोंधळ वाढवला आहे. जुन्या पुस्तकांत आपल्या सीताअशोकाला ‘सराका इंडिका’ म्हणत. ते नाव मुळात आग्नेय आशियातल्या वेगळ्या जातीचे. १९६७ साली या प्रजातीची उजळणी झाली तेव्हा आपले झाड ‘सराका असोका’ म्हणून वेगळे काढले गेले. आसोपालवाचे ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’ हे नाव २०१२ साली बदलून ‘मोनून’ झाले. तेव्हा पाटीवर ‘सराका इंडिका’ दिसले तर ती पाटी जुनी आहे, झाड चुकीचे असेलच असे नाही. पण आसोपालवाच्या खोडावर ‘सराका’ दिसले तर ती साफ चूक.

आता धोक्याचा विषय. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत सीताअशोक ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित, या वर्गात आहे. ही नोंद १९९८ सालची, २.३ या जुन्या आवृत्तीच्या निकषांवर केलेली, आणि तिच्यावर ‘अद्ययावत करणे आवश्यक’ असा शेरा आहे. निकषाची खूण ‘बी १ + २ सी’. सोप्या भाषेत: एकूण पसारा २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा प्रत्यक्ष व्याप २,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, वस्ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली, आणि ज्या जागी ती आहे त्या जागेचा आकार, दर्जा घसरत चाललेला. झाडे मोजून दिलेला हा वर्ग नाही, जागा पाहून दिलेला आहे. ओढ्याकाठची दमट सदाहरित आणि निमसदाहरित राने, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरपर्यंतची, सह्याद्रीत आणि पूर्व हिमालयाच्या पायथ्याशी, हे त्याचे घर. ते घर आकसले म्हणून तो असुरक्षित.

यातून एक गोष्ट निघते आणि ती लागवडवाल्यांना आवडणारी नाही. लाल यादी जातीच्या नैसर्गिक प्रदेशातली रानटी झाडे धरते. बागेतली धरत नाही. वडोदऱ्यात हजार सीताअशोक लावले तरी त्याचा वर्ग एका पायरीनेही हलणार नाही. तेव्हा ‘आम्ही संकटग्रस्त वृक्ष वाचवला’ असे फलक खऱ्या सीताअशोकाखालीही लावू नयेत. शहरातल्या झाडाचे काम वेगळे आहे: बियांचा ज्ञात साठा होणे, रानातल्या सालीवरचा ताण थोडा तरी हलका करणे, आणि लोकांना तो ओळखू येणे. तिन्ही कामे मोलाची आहेत, पण त्यांना संवर्धनाचे नाव देऊन मोकळे होऊ नये.

आसोपालवाची बाजू दोन वाक्यांत संपते. मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, आज उष्ण प्रदेशांत सगळीकडे लावलेला. त्याला वाचवायची गरज नाही.

मग ज्यांचे एकमेकांशी काही नाही अशा या दोघांची तुलना का करावी? कारण बाजारात त्यांची गाठ पडते, सालीपाशी. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाच्या शास्त्रोक्त पाठात एक तुळा, म्हणजे ४.८ किलो, अशोकाची साल लागते. ती ४९ लिटर पाण्यात उकळून १२ लिटरपर्यंत आटवतात, मग ९.६ किलो गूळ, धायटीची फुले आणि बाकीची वरून मिसळायची द्रव्ये घालून आंबवतात. ही साल खोडाची. खोडाची साल काढणे म्हणजे पान तोडणे नव्हे. झाड ती सहजासहजी भरून काढत नाही. रानातली झाडे कमी, मागणी कायम, मधली खिंड भरून निघते ती मुख्यतः आसोपालवाच्या सालीने. आणि खरी मेख इथे आहे. खोटी साल बाजारात असते तोवर खऱ्या सालीची टंचाई कुणाला दिसत नाही. भाव चढत नाही, म्हणून शेतकरी सीताअशोक लावायला पुढे येत नाही. आणि ज्यांना खरीच साल हवी, त्यांची कुऱ्हाड रानातच चालते. मुबलक झाड नावाच्या आडून दुर्मिळ झाडाचा अभाव झाकते, बाटलीत आणि तुमच्या यादीतही.

खरेदी करणाऱ्यांसाठी, सुकी साल हातात असेल तर: सीताअशोकाची साल पन्हळीसारखी वळलेली, बाहेरून गडद हिरवट ते हिरवट करडी, गुळगुळीत, गोल वातरंध्रांचे (सालीवरच्या हवेच्या छिद्रांचे) ठिपके आणि आडव्या कडा असलेली. आतली बाजू तांबूस तपकिरी, तिच्यावर बारीक उभे धागे. मोडल्यावर कुसळासारखी तुटते, आणि बाहेरच्या बुचाखाली एक पातळ पांढुरकी सलग रेघ दिसते. चव तुरट. आसोपालवाची साल तंतुमय, ओढली की लांब पट्ट्या सुटतात, चव कडवट. भुकटी झाली की ही सगळी लक्षणे गेली. मग सूक्ष्मदर्शक किंवा प्रयोगशाळा. म्हणून चूर्ण नव्हे, अखंड साल विकत घ्यावी.

आता तक्रारी, एकेक.

पहिली यादीचीच. ‘अशोक’ हा शब्द शास्त्रीय नावाशिवाय, किंवा निदान ‘सीताअशोक’ आणि ‘आसोपालव’ एवढा फरक न करता लिहिणे म्हणजे पुरवठादाराला स्वस्त माल द्यायची मुभा देणे. त्याला दोष देता येत नाही; तुम्ही अशोक मागितलात, त्याने अशोक दिला.

दुसरी, पाट्यांची. आसोपालवाच्या खोडाला ‘अशोक, सराका, स्त्रीरोगांवर उपयुक्त’ अशा पाट्या बांधलेल्या असतात. हे नुसते अज्ञान राहत नाही. पाटी वाचून कुणी त्याची साल उकळून पितो. चैत्रातल्या अष्टमीला कळ्याही याच झाडाच्या खुडल्या जातात, कारण दोघे साधारण एकाच हंगामात फुलतात आणि आसोपालव दारातच असतो. कलिका नारिंगी असायला हव्यात. हिरवट चांदण्या नव्हेत.

तिसरी तक्रार रोपे घेतानाची. ‘तांबूस पालवी आली, म्हणजे सीताअशोक’ हा सर्रास चालणारा नियम चुकीचा आहे. आसोपालवाची कोवळी पालवीही तांबूस, तपकिरी आणि लोंबती असते. लहान रोपात सीताअशोकाच्या पर्णिकाही लांबट, तुकतुकीत दिसतात, एकेका पानासारख्या. खात्रीची खूण एकच: देठाच्या बगलेत पाहा. खऱ्या पानाच्या बगलेत डोळा, म्हणजे नवा फुटवा येणारी कळी, असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो. आसोपालवाच्या प्रत्येक पानामागे डोळा सापडेल. सीताअशोकात तो अख्ख्या दांड्याच्या मुळाशी, खोडाला चिकटून एकदाच सापडेल. शिवाय सीताअशोक म्हणून परदेशी सराका थायपिंजेन्सिसही विकला जातो. मोठाल्या पर्णिका आणि पिवळ्याधमक फुलांचे झुबके. दिसायला सुंदर आहे, पण तो आपला अशोक नव्हे आणि त्याची साल आपल्या औषधाची नव्हे.

चौथी तक्रार सर्वांत मोठी, कारण तिच्यामुळे चांगल्या हेतूने लावलेली खरी रोपेही मरतात. सीताअशोक ओढ्याकाठचा आणि सावलीचा आहे. त्याला रस्त्याच्या दुभाजकावर लावतात, जिथे दोन्ही बाजूंनी डांबर तापते. मग मे महिन्यात पाने कडेने करपतात, दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा सुकतो, आणि ‘वडोदऱ्यात सीताअशोक चालत नाही’ असा शेरा पडतो. तो चालतो, जागा चुकते.

जागा अशी हवी: इमारतीच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, किंवा मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत, म्हणजे सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारनंतरचे चुकेल. पश्चिमेची भिंत नको. ती संध्याकाळभर उष्णता फेकते. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. आपल्याकडच्या काळ्या चिकण मातीची दोन दुखणी आहेत: पावसाळ्यात पाणी धरते, त्यात मुळे गुदमरतात, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा बारीक मुळे अक्षरशः तुटतात. म्हणून काढलेल्या मातीतली निम्मीच परत टाका. बाकी जाड वाळू आणि कुजलेला पाला, सोबत खड्ड्यामागे साधारण १० किलो मुरलेले शेणखत. कच्चे शेण घातले तर वाळवी येते, तिला इथे उधई म्हणतात. ती आधी शेणाला लागते, मग रोपाच्या बुडाला. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटे उंच, उंचवट्यावर लावा आणि पाणी त्याच्या भोवतीच्या आळ्यात द्या, बुंध्याशी नव्हे.

पिशवी फाडताना तळाशी मुळांचे वेटोळे दिसले तर ते धारदार कात्रीने कापून सरळ करा. तसेच लावले तर वरून दोन-तीन वर्षे सगळे ठीक दिसते आणि मग झाड जोराच्या वाऱ्यात बुडातून कलते. दोन रोपांत निदान तीन मीटर अंतर ठेवा. झाडाभोवती सिमेंटचा चौथरा बांधू नका; त्याऐवजी पाल्यापाचोळ्याचा चार बोटे थर, खोडापासून वीतभर सोडून. तो पालाच ओढ्याकाठच्या जमिनीची थोडीफार नक्कल करतो. झाडून, पेटवून ‘स्वच्छता’ करणारे हात आधी आवरले पाहिजेत.

पाणी पहिले तीन उन्हाळे चुकवायचे नाही. फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा, रोपामागे १५ ते २० लिटर, सावकाश. रोज थोडे थोडे शिंपडले तर मुळे वरच राहतात. बोअरचे पाणी खारट असेल तर पानांची टोके तपकिरी होतात. ते ‘रोग’ समजून औषध फवारू नये, पाणी बदलावे किंवा पावसाचे साठवलेले पाणी अधूनमधून भरपूर सोडून क्षार खाली धुवावेत.

छाटणी जवळजवळ नको. गुच्छ जुन्या लाकडावर येतात हे वर सांगितले. दर वर्षी ‘आकार’ देणारा माळी पुढच्या वर्षाची फुलेच कापत असतो. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला काही वर्षे जावी लागतात. तोवर ‘फुलत नाही, काढून टाका’ असा ठराव कुठल्याही कमिटीने करू नये.

पाचवी तक्रार सालीची. ओळखीचे, हाताशी येणारे सीताअशोक बुंध्यापासून उंचीभर सोललेले दिसतात. सालीखालच्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. उभी पट्टी काढली तर उरलेल्या बाजूने वाट चालू राहते. खोडाभोवती कडे काढले तर वाट तुटते, मुळे उपाशी मरतात, आणि झाड काही महिने हिरवे राहून मग वाळते. हिरवे दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सार्वजनिक जागेतल्या झाडाची साल मुळीच काढू नये. स्वतःच्या शेतातल्या जुन्या झाडावरही फक्त उभी अरुंद पट्टी काढावी, एका बाजूने, आणि ती भरून आल्याशिवाय दुसरी बाजू हातात घेऊ नये.

सहावी छोटीच: लावली किती याचा आकडा जाहीर होतो, तीन वर्षांनी जगली किती याचा होत नाही.

आणि एक उलटी तक्रार, आसोपालवाच्या बाजूने. ‘खोटा अशोक’ म्हणून तो तोडून तिथे सीताअशोक लावायची टूम निघालेली आहे. झाड खोटे नसते, पाटी खोटी असते. आसोपालव अरुंद जागेत मावतो, ऊन सोसतो, त्याची फळे पाखरांना मिळतात, टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या त्याची पाने खातात, आणि तोरणाला लागणारी पाने सीताअशोकाला न ओरबाडता मिळतात. शिवाय तो ज्या रणरणत्या जागेत उभा आहे, तिथे सीताअशोक मरेल. त्याचे शेंडे सारखे छाटणेही थांबवा; शेंडा कापला की खाली झाडूसारखे चार-पाच शेंडे फुटतात आणि ते सगळे वाऱ्यात मोडतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पुढच्या प्रत्येक यादीत, मागणीपत्रात आणि बिलात दोन झाडे दोन ओळींत लिहा: ‘सीताअशोक (सराका असोका)’ आणि ‘आसोपालव (मोनून लाँगिफोलियम)’. नुसता ‘अशोक’ आला तर बिल परत करा. ‘दुर्मिळ’ या रकान्यात आसोपालव मोजू नका. ज्या जुन्या अहवालांत तो मोजला गेला आहे, त्यांत दुरुस्ती करून ती जाहीर करा. पाट्या बदला, आणि सीताअशोकाच्या पाटीवर ‘साल काढू नये’ हे मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहा. औषधी गुण लिहू नका, ती सोलण्याची निमंत्रणपत्रिका ठरते.

सीताअशोकाची रोपे कमी घ्या, पण जिथे तीन उन्हाळे पाणी देण्याची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या माणसावर असेल, तिथेच द्या. दहा जागा नीट मिळत असतील तर दहाच. रोप घेताना बी कुठल्या झाडाचे, हे विचारा आणि नोंदवहीत लिहा. एकाच झाडाच्या बियांवर शहरभर रोपे केली तर सगळी भावंडे होतील आणि पुढे त्यांच्या बियांत वाण दुबळा पडेल. शक्य तितक्या वेगवेगळ्या मातृवृक्षांचे बी मिसळा. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या झाडांची यादी फाटकावर लावा. ज्या देवस्थानांत चैत्रात अशोककलिका वाटतात, त्यांनी त्या कुठून आणल्या ते एकदा झाडाखाली जाऊन पाहावे.

आणि ज्या संस्था, दवाखाने किंवा औषध भांडारे अशोकाची साल खरेदी करतात, त्यांनी चूर्ण घेणे बंद करून अखंड साल घ्यावी, प्रत्येक खेपेचा नमुना तपासून घ्यावा, आणि साल शेतातली की रानातली हे बिलावर लिहून मागावे.

या मागण्यांना खर्च जवळजवळ नाही. पाट्या आणि शाई सोडली तर. तरीही मुदत आहे, आणि ती आम्ही नाही, झाड ठरवते. सीताअशोकाचे बी साठवून ठेवता येत नाही. शेंगा उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला पिकतात. बी ओलावा धरून असते, वाळले की मरते, आणि डब्यात किंवा फ्रीजमध्ये पुढच्या वर्षापर्यंत ठेवू म्हटले तर ठेवता येत नाही. यंदाच्या शेंगा तडकायच्या आत यादी दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या पावसाळ्यासाठी रोपे तयार होणार नाहीत आणि पुन्हा ‘अशोक’ या नावाने आसोपालवच येईल.

आपले,
वडोदऱ्यातील काही मराठी वृक्षप्रेमी नागरिक

ता. क. आपल्या आवारात सीताअशोक असेल तर शेंगा तपकिरी होऊन तडकू लागल्या की रोज सकाळी खाली पडलेले बी वेचा. भोके पडलेले आणि हलके लागणारे बाजूला काढा. उन्हात वाळवू नका. उरलेले १२ तास साध्या पाण्यात भिजवून त्याच आठवड्यात, माती, वाळू आणि शेणखताच्या मिश्रणाने भरलेल्या खोल पिशवीत, पिशवीला एक, बी जाड आहे तितकेच खोल, आडवे पेरा. पिशव्या सावलीत ठेवा, मिश्रण ओलसर राहू द्या. साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतो. पिशवीवर पेरणीची तारीख आणि मातृवृक्षाची जागा पक्क्या शाईने लिहा. उंदीर आणि खारी बी उकरतात, म्हणून वर जाळी घाला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पिशवीत काढून, पुढच्या जुलैत लावा.